त्रेचाळीस मतांचा धडा

क्वालालंपूर येथे २४ एप्रिल १९८७ रोजी झालेल्या एका मतमोजणीत बावीस प्रतिनिधींचा कौल फिरला असता, तर मलेशियाचा पुढील सोळा वर्षांचा इतिहास निराळा झाला असता. देशाच्या सत्ताधारी आघाडीतील अग्रणी पक्ष जो ‘उम्नो’, त्याच्या अध्यक्षपदाची ही निवडणूक होती. आणि त्या पक्षाचा अध्यक्ष तोच देशाचा पंतप्रधान, असा तेथील रूढ संकेत होता. पंतप्रधान डॉ. महाथीर मोहम्मद यांना ७६१ मते मिळाली, त्यांचे प्रतिस्पर्धी व व्यापारमंत्री तेंगकू रझाली हमजा यांना ७१८. अंतर अवघ्या ४३ मतांचे! परंतु या ४३ मतांची किंमत एकट्या रझालींनी मोजली नाही. ती त्यांच्या पक्षाने मोजली, आणि त्याहून दुःखाची गोष्ट ही, की ती न्यायासनालाही मोजावी लागली.

रझाली हे काही रस्त्यावरील चळवळीतून वर आलेले पुढारी नव्हेत. केलंतानच्या राजघराण्यात १९३७ साली त्यांचा जन्म झाला. बेलफास्टच्या विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे अध्ययन केले. १९६९ च्या मे महिन्यातील भीषण दंगलींनंतर मलय समाजाला उद्योगव्यापारात वाटा मिळवून देण्याचे नवे आर्थिक धोरण आखले गेले. त्या धोरणाचा परवलीचा शब्द ‘भूमिपुत्र’ हा संस्कृतातून मलय भाषेत गेलेला असल्याने मराठी वाचकाला तो परका वाटू नये. हे धोरण कागदावरून व्यवहारात आणणाऱ्यांत रझाली आघाडीवर होते. १९७४ मध्ये ‘पेट्रोनास’ ही राष्ट्रीय तेलसंस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख तेच झाले. १९७६ पासून १९८४ पर्यंत अर्थखाते त्यांच्याकडे होते. पक्षाचे खजिनदारपदही त्यांनी सांभाळले. तेव्हा ज्या सत्तायंत्राशी पुढे त्यांचा संघर्ष झाला, ते यंत्र घडविण्यात त्यांचाही हात होता, हे विसरून त्यांचे मूल्यमापन करणे योग्य होणार नाही.

पक्षाच्या उपाध्यक्षपदासाठी १९८१ व १९८४ अशा दोन्ही वेळा मुसा हितम यांनी त्यांना पराभूत केले. मात्र १९८६ मध्ये मुसांनीच महाथीर यांच्याशी मतभेद होऊन उपपंतप्रधानपद सोडले, आणि कालचे हे दोन प्रतिस्पर्धी १९८७ च्या लढतीत एका बाजूला आले. दोघेही हरले. रझालींनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या गटातील अनेक मंत्र्यांना व उपमंत्र्यांना निरोप मिळाला. निम्म्याच्या जवळपास प्रतिनिधी ज्या गटाच्या पाठीशी उभे राहिले, त्या गटाला सरकारात जागा उरली नाही!

पुढे घडले ते विलक्षण होते. नोंदणी न झालेल्या काही शाखांचे प्रतिनिधी मतदानाला बसले होते, सबब निवडणूक नव्याने घ्यावी, अशी मागणी घेऊन अकरा असंतुष्ट सभासद न्यायालयात गेले. शाखांची नोंदणी नसेल तर संपूर्ण संस्थाच बेकायदेशीर ठरते, असे संस्थाविषयक कायद्याचे कलम होते. त्यास अनुसरून ४ फेब्रुवारी १९८८ रोजी न्यायालयाने उम्नो हीच बेकायदेशीर संस्था असल्याचे जाहीर केले. घराच्या दुरुस्तीसाठी दाद मागावी आणि घरच नाहीसे व्हावे, तशी ही गत झाली. महाथीर यांनी तत्परतेने नव्या उम्नोची नोंदणी करून घेतली, आणि त्या घराचे दार रझालींना बंद झाले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश सालेह अब्बास यांनी सुनावणी नऊ न्यायाधीशांच्या पूर्ण पीठापुढे ठेवली. पण सुनावणीचा दिवस उगवण्यापूर्वीच, मे महिन्यात, त्यांना निलंबित करण्यात आले. ऑगस्टमध्ये त्यांना पदच्युत केले गेले, आणि त्याच महिन्यात असंतुष्टांचे अपीलही फेटाळले गेले. पुढे आणखी दोन न्यायाधीशांना पद गमवावे लागले. वीस वर्षांनी, २००८ मध्ये, पीडित न्यायाधीशांना सानुग्रह रक्कम देण्याची घोषणा सरकारने केली. ती करणारे पंतप्रधान अब्दुल्ला बदावी हे १९८७ मध्ये रझालींच्या गटात राहून मंत्रिपद गमावलेल्यांपैकी एक होते!

रझालींनी ‘सेमांगात ४६’ हा पक्ष काढला. १९४६ हे उम्नोच्या स्थापनेचे वर्ष. मूळ परंपरेचे वारस आम्हीच, हा त्या नावाचा अर्थ. १९९० च्या निवडणुकीत त्यांनी एकीकडे इस्लामी ‘पास’ पक्षाशी व दुसरीकडे प्रामुख्याने चिनी पाठिंब्यावरील विरोधी पक्षाशी हातमिळवणी केली. केलंतान विधानसभेच्या सर्व ३९ जागा त्यांच्या आघाडीने जिंकल्या. देशात मात्र ती मागे पडली. साबा येथे त्यांनी घातलेल्या स्थानिक शिरोभूषणावरील नक्षी क्रुसासारखी दिसते, असा गवगवा मतदानाच्या तोंडावर झाला आणि तो मलय मतदारांत त्यांना बाधला. १९९६ मध्ये पक्ष विसर्जित करून ते उम्नोत परतले. २००८ मध्ये त्यांनी पुन्हा अध्यक्षपदाची इच्छा धरली, तेव्हा उमेदवारीसाठी तीस टक्के विभागांची शिफारस लागे. त्यांना मिळाली ती केवळ स्वतःच्या गुआ मुसांग विभागाची. ज्या पक्षात एकेकाळी ७१८ जण त्यांच्या पाठीशी उभे राहिले, त्याच पक्षात आता साधा सामनाही होऊ शकला नाही. शेवटी १९७४ पासून टिकवलेले लोकसभागृहातील स्थानही २०२२ मध्ये १६३ मतांनी गेले.

रझाली पंतप्रधान झाले असते तर देश अधिक सुखी झाला असता, असे आम्ही म्हणत नाही. त्याचा निवाडा कोणालाच करता येणार नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्याला शत्रू मानणारा पक्ष आज निर्वेध होतो. परंतु चुकलेल्या नेतृत्वाला वेळीच अडवणारा आवाज तो गमावून बसतो. १९५७ पासून अखंड सत्तेवर असलेला उम्नो २०१८ मध्ये, भ्रष्टाचाराच्या आरोपांनी घेरलेल्या अध्यक्षाच्या नेतृत्वाखाली, मतदारांनी सत्तेवरून खाली खेचला. आणि त्या वेळी विरोधकांचे पुढारीपण केले ते महाथीर यांनीच! घरातल्या घरात जो निकाल लावता येत नाही, तो अखेर वेशीवर टांगला जातो. ४३ मतांचा हा धडा केवळ मलेशियापुरता नाही.