सर्व्हरशी संपर्क तुटला? आधी संदेश वाचा

खास प्रतिनिधी

शहापूर : संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी शहापूरकरांना आसनगावहून लोकल पकडावी लागते, तर मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. घरून काम करण्याची मुभा मिळाली की ही धावपळ वाचते. मात्र मग सारी भिस्त इंटरनेटवर आणि कंपनीच्या ‘व्हर्जन कंट्रोल’ सर्व्हरवर राहते. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक पडतो, तशीच प्रोग्रॅममधील प्रत्येक दुरुस्तीची नोंद हा सर्व्हर ठेवतो. त्याच्याशी संपर्क झाला नाही, तर दिवसाचे काम सहकाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

अशा वेळी अनेक जण सारी प्रणालीच काढून नव्याने बसवतात. त्याची सहसा गरज नसते. पडद्यावरचा संदेशच दोषाची जागा सांगतो.

‘होस्ट’ सापडत नसल्याचा संदेश आल्यास पत्ता चुकलेला असतो किंवा इंटरनेट बंद असते. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. कंपनीचे व्हीपीएन सुरू आहे का, फायरवॉल आडवी येते का, हे पाहावे. ‘रिफ्युज्ड’ आल्यास उत्तर मिळाले, पण त्या पोर्टवर सेवा नाकारली गेली. एसएसएचसाठी सहसा २२, तर सबव्हर्जनच्या स्वतःच्या सेवेसाठी ३६९० हा पोर्ट असतो. ‘परमिशन डिनाइड’ आल्यास जोडणी झालेली असते, ओळख पटलेली नसते. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले; तेथे टोकन किंवा एसएसएच किल्ली लागते.

एका इशाऱ्याकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. सर्व्हरची ओळख बदलल्याचा संदेश आल्यास जुनी नोंद पुसून पुढे जाण्याचा मोह होतो. पण मध्ये कोणी तोतया सर्व्हर उभा केला असण्याचीही शक्यता असते. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए किल्ली खरोखरच बदलली होती, कारण ती चुकून काही काळ उघड झाली होती. तेव्हाही योग्य मार्ग एकच होता : कंपनीने जाहीर केलेला ‘फिंगरप्रिंट’ ताडून पाहणे.

संपर्क तुटल्याने केलेले काम बुडत नाही. २००५ साली आलेल्या गिटमध्ये संपूर्ण इतिहास आपल्याच संगणकावर असतो; नोंद करून ठेवावी आणि जोडणी आल्यावर पाठवावी. सबव्हर्जनमध्ये नोंदीसाठी सर्व्हर लागतोच, तरी बदललेल्या फाइल्स आपल्याकडे सुरक्षित असतात. मदत मागताना ‘चालत नाही’ एवढेच न कळवता पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा पाठवावा. निम्मे निदान तेथेच होते.