धुरात माणूस शोधणारे डोळे

येत्या २२ ऑगस्टला मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरच्या आगीची आठवण निघेल आणि तिच्यासोबत दरवर्षीची यादीही: उंच शिड्या, ड्रोन, उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरे. २०१८ च्या त्या आगीत चौघे गेले. त्याआधी आठच महिने, २९ डिसेंबर २०१७ ला, लोअर परळच्या कमला मिल आवारात १४ जण गेले. त्यातले बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथंच गुदमरले. थर्मल कॅमेरे हवेतच. पण त्यांच्या पडद्याकडे बघणाऱ्या डोळ्यांच्या तयारीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

गिरगावातली चाळीची खोली घ्या. पोटमाळ्यावर कुणी बेशुद्ध पडलंय. उष्णता वर साचते, फळ्या साठ अंशांच्या पुढे तापतात. माणसाची कातडी मात्र सुरुवातीला ३३-३४ अंशांच्या आसपास. जे जास्त गरम ते पांढरं, असा पडदा असेल तर हा माणूस काळपट दिसतो, गाद्यांच्या वळकटीत सहज मिसळून जातो. उलट स्टीलच्या चकचकीत कपाटात अग्निशमन जवानाची स्वतःचीच आकृती उमटते आणि तो नेमका तिकडे वळतो.

बघणारा कुठे चुकतो हे खऱ्या आगीत तपासायचं कसं? म्हणून संगणकावर थर्मल चित्रं तयार करतात. भिंत, फळी, कातडी, प्रत्येकाला तापमान द्यायचं, किती उष्णता बाहेर पडेल याचं गणित करायचं, वर कॅमेऱ्याचा धूसरपणा मिसळायचा. माणूस तोच ठेवून तापमानातला फरक तेवढा कमी करत न्यायचा आणि बघणाऱ्याला किती सेकंद लागले, कितीदा चुकला, हे मोजायचं. माणूस कुठे ‘ठेवला’ आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे चूक लपत नाही.

या अभ्यासाचं मूळ लष्करी. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सनने १९५८ मध्ये एखादी वस्तू दिसायला, ओळखायला चित्र किती सूक्ष्म हवं याची मापं मांडली. पण कुठं बघायचं हे ठाऊक असताना ओळखणं वेगळं आणि पडदाभर शोधणं वेगळं.

अशा शोधण्याबद्दल मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो संशोधक जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचा २००५ चा प्रयोग. चित्रं थर्मल नव्हती, सामानाच्या एक्स-रेसारखी बनवलेली होती. निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू असताना लोकांनी ती सुमारे ७ टक्के वेळा हुकवली. शंभरात एकाच चित्रात ठेवली, तर ३० टक्के वेळा! क्वचित सापडणारी गोष्ट शोधताना डोळा लवकर ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. आगीतल्या खोल्याही बहुतेक रिकाम्याच निघतात.

म्हणूनच अग्निशमन दलाच्या भायखळ्याच्या मुख्यालयाने कॅमेऱ्यांच्या प्रत्येक खरेदीसोबत अशा चित्रांचा सराव मागावा. लालबागच्या चाळी, काळबादेवीची गोदामं, परळचे टॉवर त्यात असावेत. पोटमाळे असावेत, स्वच्छतागृहं असावीत. आणि सरावात रिकाम्या खोल्या भरपूर असाव्यात.