चेहरा सावरेल, डोळा जपा



चोपडा-शिरपूरकडच्या पाड्यांवर कुणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, की ‘वारं लागलं’ म्हणून अनेकदा आधी भगताला बोलावतात. बहुधा हा बेल्स पाल्सी असतो. चेहऱ्याची नस सुजते. एका बाजूला कपाळावर आठी पडत नाही, पापणी मिटत नाही. डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत स्टेरॉईड सुरू केले, तर बरे होण्याची शक्यता वाढते. बहुतेकजण काही महिन्यांत सावरतात.

डोळ्याला मात्र तेवढी सवड नसते. उघडे बुबुळ कोरडे पडून जखम झाली, तर नजर जाऊ शकते. म्हणून दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि धुळीसाठी चष्मा. रात्री मलम घालून, पापणी नीट मिटवून चिकटपट्टी.

हातपायही लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर ताबडतोब १०८. अंगावर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

अशा घरी भेटीला गेलात, तर आधी त्या डोळ्याची चौकशी करा.