घोड्याच्या गाडीचा तळ खालून बघा

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा तापीच्या काठावर गाड्यांची रीघ लागते. फालका खाली पडतो, आडवे बांबू निघतात आणि मारवाडी, काठेवाडी, नुकरा अशी जनावरं बिचकत उतरतात. जाणकार लगेच पुढे सरसावतात. कानांची टोकं जुळतात का, भोवरे कुठे आहेत, चाल कशी आहे. ते जनावर शेकडो किलोमीटर ज्यावर उभं राहून आलं, तिकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. वर लाखांचा घोडा आणि खाली सडकी फळी, ही जोडी इतक्या वेळा पाहिली आहे की आता घोड्याची गाडी दिसली की मी आधी खाली वाकतो.

घोड्यासाठी मुद्दाम बांधलेल्या गाड्या आपल्याकडे रेसकोर्सवाल्यांच्या आणि स्टड फार्मवाल्यांच्या. बाकी सगळा कारभार टेम्पो, पिकअप आणि ट्रकच्या हौद्यावर चालतो. त्यामुळे तळ कशाचा करायचा हे ठरतं बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये, चहाच्या दुसऱ्या कपाला. तिथे छातीठोकपणे सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: लाकूड सडतं. लोखंडी चेकर प्लेट ठोका, जन्माची चिंता मिटली.

वस्तुस्थिती: लाकूड सडतं तसं लोखंड गंजतं, आणि मूत्राच्या ओलीत ते जोमाने गंजतं. पण त्याहून मोठी अडचण घोड्याच्या पायाची आहे. प्रवासभर तो उभा असतो. ब्रेक, वळण, खड्डा, दर वेळी चार पायांवर तोल सावरत असतो. त्याच्या पायात लोखंडी नाल, खाली ओला लोखंडी पत्रा, आणि त्यावरचे उंचवटे घासून घासून गुळगुळीत होत गेलेले. एकदा घसरलेला घोडा पुढच्या खेपेला गाडीत चढायलाच तयार होत नाही, आणि मग आपण त्याला हट्टी म्हणतो. शिवाय पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि प्रत्येक टापेला दणाणतो. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात की साध्या मालवाहू गाडीतून घोडे न्यायचे तर तळावर न घसरणारं अस्तर हवं, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचे बांबू हवेत आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. (वेगाचा नियम पाळणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचा आहे.)

लाकूड थोडं दबतं, तापत नाही, आवाज गिळतं. एक फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. माझं मत अजूनही लाकडाच्याच बाजूने आहे.

गैरसमज: ॲल्युमिनियम गंजत नाही. महाग पडलं तरी तेच घालावं.

वस्तुस्थिती: याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचं पातेलं घासलं की ते काळं पडतं, हे घरोघरी ठाऊक आहे. या धातूवर आपोआप एक पातळ थर चढलेला असतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. आम्लात तो विरघळतो, तसाच अल्कलीतही विरघळतो. आता घोड्याचं मूत्र. पुष्कळ जण त्याला ‘ॲसिड’ म्हणतात. प्रत्यक्षात चारा खाणाऱ्या निरोगी घोड्याचं मूत्र अल्कधर्मी असतं आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांमुळे गढूळ दिसतं. मोठा घोडा दिवसाला साधारण ५ ते १५ लिटर मूत्र सोडतो. ते साचून राहिलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि अल्कली आणखी वाढते. म्हणजे पातेल्याचा प्रयोग आपण गाडीच्या तळावर, सावकाश, वर्षानुवर्षं करत असतो. तांबडा गंज दिसत नाही म्हणून मालक निश्चिंत असतो. पांढरी पूड आणि बारीक खड्डे ही ॲल्युमिनियमच्या गंजाची खूण असते. जिथे हा पत्रा लोखंडी चॅनलवर थेट टेकतो, तिथे दोन धातू आणि मधली ओल मिळून काम आणखी लवकर होतं. मध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी हवी.

यावर कुणी तरी उपाय सुचवतं: वास मारायला चुना टाका. चुनाही अल्कलीच. त्याने उलट अमोनिया जास्त सुटतो, घोड्याचे डोळे चुरचुरतात आणि पत्र्याचं नुकसान वाढतं.

गैरसमज: जाड रबरी मॅट टाकली की खालचा तळ सुरक्षित.

वस्तुस्थिती: मॅट हवीच, पण ती घोड्यासाठी आहे. पाय घसरत नाही, सांध्यांना हादरे कमी बसतात. तळाचं रक्षण ती करत नाही, उलट घातच करते. मूत्र कडेने आणि जोडातून खाली उतरतं आणि तिथे त्याला ना वारा ना ऊन. पाऊण इंच जाडीची, सहा बाय चार फुटांची एक मॅट जवळजवळ ४५ किलो भरते. मग ती उचलणार कोण? मोतद्दार वरून पाइप मारतो, पाणी आणखी आत जातं, वरचा भाग लख्ख.

एक जुना टेम्पो बघायला गेलो होतो. मॅट नवी कोरी, त्यावर भुसा पसरलेला, मालक म्हणाला, “पावणं, गाडी एकदम कडक.” दोघांनी मिळून मॅटचा कोपरा वर केला तर अमोनियाच्या भपक्याने डोळ्यांत पाणी आलं. फळ्या वरून काळपट, पण शाबूत वाटत होत्या. मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. आडव्या चॅनलवर फळी टेकते तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो भिजलेल्या केकमध्ये जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. पाणी नेमकं त्या टेकूवर थांबतं, म्हणून लाकूड तिथूनच जातं. वरून बघणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

म्हणून दोन फळ्यांमध्ये बोटभर नाही, पण पाच-सहा मिलिमीटरची फट हवी. मूत्र खाली गळून जाऊ द्यावं. मॅट उचलता येईल अशा तुकड्यांत कापून घ्यावी. मुक्कामाला पोचल्यावर मॅट काढून धुवावी आणि गाडी चढावर, फालका उघडा टाकून उभी करावी. नुसतं धुणं आणि तसंच झाकून ठेवणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

गैरसमज: दरवर्षी जळकं ऑइल फासलं की लाकडाला काही होत नाही.

वस्तुस्थिती: इंजिनातून काढलेलं ते तेल फारसं आत मुरत नाही, पृष्ठभाग निसरडा करतं, रबराला फुगवतं आणि जनावराच्या कातडीला ते घातक आहे. डांबराने फळीची वरची बाजू माखली तर आतली ओल आतच कोंडते. लाकूड पूर्ण वाळवून चांगलं प्रिझर्व्हेटिव्ह द्यावं, कापलेल्या टोकांना आधी. तांब्याचे क्षार दिलेलं लाकूड मात्र ॲल्युमिनियमला थेट लागू देऊ नये.

गैरसमज: सागाची फळी आहे, किंवा मरीन प्लाय आहे, मग बघायलाच नको.

वस्तुस्थिती: साग टिकतो तो गाभ्याचा. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी वाळवी आणि बुरशी सोडत नाही. वखारीत फळीची कड बघून घ्यावी. मरीन प्लायमधला गोंद उकळत्या पाण्यात टिकतो, पण कापलेली कड आणि खिळ्याची भोकं उघडी राहिली तर पाणी शिरायचं थांबत नाही. त्यात प्लायला फटी नसतात, म्हणजे मूत्राला बाहेर पडायला वाटच नाही.

गैरसमज: फळी जाड असली की पुरे.

वस्तुस्थिती: जाडीइतकंच महत्त्व खालच्या चॅनलमधल्या अंतराला आहे. हेच अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाखाली फळी आठपट वाकते. ४०० किलोच्या घोड्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणजे एका टापेखाली उभ्या उभ्या १२० किलो. ब्रेक लागला किंवा त्याने पाय आपटला की आकडा वर जातो. दीड-दोन इंचाची फळी आणि फुटाफुटावर चॅनल असेल तर मला झोप लागते. दोन फुटांवर एक असेल तर आधी चॅनल वाढवून घेईन, मग लाकडाचं बोलेन.

गाडी बघायला जाताना खिशात टॉर्च आणि एक दणकट स्क्रू ड्रायव्हर ठेवा, बरोबर मॅट उचलायला एक माणूस न्या. मालक मॅट उचलू देत नसेल, तर सौदा तिथेच सोडून परत या.