माळरानाचें गवत आणि मेंढीचें पोषण

फलटण-माणकडील माळ भाद्रपदांत पाहणाऱ्याला एकसारखा हिरवा दिसतो. मेंढीला मात्र तो तसा लागत नाहीं; त्यांतील गोड घास ती प्रथम उचलते.

सखल, काळ्या जमिनींत वाढणारें मारवेल हें त्यांतलें सरस गवत. पान मऊ, कांडें रसाळ, आणि वाळलें तरी जनावर तें टाकीत नाहीं. मुरमाड उतारावरील पवन्याही वेळेवर कापल्यास त्याची सुकी वैरण चांगली होते. कुसळीची गोष्ट निराळी. फुलोऱ्यापूर्वी तीही चरण्याजोगी असते. परंतु पुढें तिच्या बियांना अणकुचीदार टोंक व पिळदार कुसळ येतें. हें कुसळ दमट हवेंत उलगडतें, कोरड्या हवेंत पुन्हां पीळ घेतें, आणि या फिरण्यानें बी गिरमिटासारखें लोकरींतून कातडींत शिरतें. लोकर बिघडते ती वेगळीच.

तथापि जातीपेक्षांही गवताचें वय अधिक महत्त्वाचें. श्रावणांतील कोंवळ्या गवताच्या सुक्या अंशांत शेंकडा ८-१० प्रथिनें असूं शकतात; तेंच गवत पिकून वाळलें म्हणजे हें प्रमाण ३ च्या आसपास उतरतें व काष्ठमय तंतु वाढतात. मेंढीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत हे तंतु सूक्ष्म जंतु पचवितात. आहारांतील प्रथिनें शेंकडा ६-७ च्या खालीं गेलीं कीं त्या जंतूंचीच उपासमार होते, पचन मंदावतें, आणि समोर गवताची गंजी असूनही मेंढी कमी खाते. पोट भरलेलें पण अंग झडलेलें, असा कळप दिसतो तो यामुळेंच.

दिवाळीनंतर धनगर कोंकणाची वाट धरतात, त्यामागें हाच हिशेब आहे. तेथें भाताच्या खाचरांतील हिरवा फुटवा व झाडपाला मिळतो; शेतांत मेंढ्या बसविल्याबद्दल शेतकरी धान्यही देतो.

मेंढीचें तोंड निमुळतें, वरचा ओंठ दुभंगलेला. ती काडी सोडून पान निवडते व जमिनीलगत कुरतडते. म्हणून प्रयोगशाळेंत पेंढी तपासून जो आंकडा निघतो, त्याहून तिच्या पोटांतला चारा बहुधा सरस असतो. पण याच निवडीनें मारवेल वारंवार खाल्लें जातें, त्याच्या मुळांतला सांठा संपतो, आणि कुसळी निर्वेधपणें बी टाकून पसरते. पावसाळ्याच्या आरंभीं फुटवा येत असतांना कळप दूर ठेवला, व पुढेंही चार बोटें खोड राखून चारला, तर मारवेल टिकतें. परंतु माळ पुष्कळदां सामाईक असतो. एकानें राखलेलें गवत मागून येणारा कळप खाऊन जातो. यास्तव ही राखण साऱ्या गांवानें मिळूनच ठरवावी लागते.