काठीची खोळ

ताडपत्री शिवायला शिलाई मशीनपेक्षा आधी लागते ती लांब, सपाट जमीन. वरळीच्या बीडीडी चाळीत ती आहे. खोल्या १६० चौरस फुटांच्या, पण दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा पॅसेज मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळसोट. सरकारने १९२० मध्ये काढलेल्या विकास खात्याने या चाळी बांधल्या, त्या गिरणगावातल्या कामगारांना डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, आणि एकट्या वरळीत अशा १२१ चाळी. त्या पॅसेजमध्ये दुपारी माणसं झोपतात, पापड वाळतात, लग्नाच्या पंगती उठतात. आमच्या मजल्यावर मे महिन्यात तिथे कॅनव्हास अंथरलेला असतो.

शेजारचे काका गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर त्यांनी ताडपत्रीचं काम धरलं. वर्षभर मंडपवाल्यांची, हातगाडीवाल्यांची, टेम्पोवाल्यांची कामं असतात. पण पावसाच्या तोंडावर वरळी कोळीवाड्यातून एक वेगळं काम येतं, डोलकाठीच्या खोळीचं. शिडावर चालणाऱ्या होड्या आता इथे जवळपास दिसत नाहीत, इंजिन आलं. काठी मात्र राहिली, दिव्यासाठी, झेंड्यासाठी. ती चांगल्या लाकडाची असेल तर नाखवा तिला जिवापाड जपतो, कारण तशी दुसरी आता सहज मिळत नाही.

खोळ म्हणजे कापडाची लांब नळी. दिसायला सोपी, पण कापायला घेतली की कळतं. काठी बुडाशी जाड, शेंड्याला निमुळती. त्यामुळे पट्टा सरळ कापून चालत नाही. काका काठीचा घेर सुतळीने तीन ठिकाणी मोजून आणतात, सुतळीला गाठी मारतात, आणि त्या गाठींवरून खडूने कापडावर रेघ ओढतात. मग वर थोडं ढिलं सोडतात. मी एकदा विचारलं, एवढं ढिलं कशाला? म्हणाले, “अरे, सुती कापड भिजलं की आकसतं. अंगाबरोबर शिवलं तर पहिल्या पावसात शिवण उसवेल.”

शिवण दुहेरी. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोनदा टीप मारायची. जिथे जाड थर येतो तिथे मशीनची सुई मोडते, म्हणून हाताने दाभण. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून त्याने दाभण रेटायचा. दोरा आधी मेणाच्या गोळ्यावरून ओढून घ्यायचा. मेणामुळे तो भोकात घट्ट बसतो आणि पाणीही पीत नाही. शेंड्याकडचं तोंड टोपीसारखं बंद. बाजूने उघडी फट, तिच्यावर झाकण येईल अशी रुंद पट्टी, आणि बांधायला नाड्या. आडवे जोड असतील तर कौलांसारखे, वरचा खालच्यावर.

बुडाशी मात्र खोळ उघडी ठेवतात. सगळं बंद केलं तर आतली वाफ जाणार कुठे? लाकूड पाण्याने जितकं कुजतं त्याहून जास्त कोंडलेल्या ओलीने कुजतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर कुजवणारी बुरशी धरत नाही, असं लाकडाचे अभ्यासक सांगतात. काकांना तो आकडा ठाऊक नाही, पण बुडाशी चार बोटं मोकळी सोडायला ते कधी विसरत नाहीत. काठीचं बूड हीच तर सगळ्यात नाजूक जागा. तिथे लाकडाचे रेषे कापलेले, तोंड उघडं. पाणी बाजूने शिरतं त्याच्या कितीतरी पट वेगाने तिथून वर चढतं.

शिवून झालेली खोळ लगेच देत नाहीत. बादलीभर पाणी ओतून ती चिंब करायची आणि वाळवायची. सूत फुगतं, सुईची भोकं बुजतात. मग वाटलं तर मेण किंवा जवसाचं तेल. तेलाचं काम काका चाळीत करत नाहीत, खाली मोकळ्यावर करतात, आणि तेलाच्या चिंध्या पसरून वाळवतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. १६० चौरस फुटांत तो धोका कोण पत्करेल?

वरळीच्या किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यात खोळ चढताना मी पाहिली आहे. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी. त्याआधी होड्या ओढून वर घेतात, टेकू लावतात, शाकारतात. काठी उतरवलेली असेल तर ओंडक्यांवर आडवी, उभी असेल तर जागेवर. उभ्या काठीची फट ईशान्येकडे फिरवतात, कारण आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. नाड्या सरकगाठीने बांधतात; भिजून दोरी ताणली की कोणीतरी जाऊन सैल करून येतं. शेजारच्या होडीवर निळं प्लास्टिक होतं. स्वस्त, हलकं, पाणी अजिबात न सोडणारं. पण आत हात घातला तर घाम फुटल्यासारखी ओल. माझं मत स्पष्ट आहे: फायबरच्या होडीला प्लास्टिक चालेल, लाकडाला नाही.

काठीला पाण्यापासून जपायची ही समज जुनी आहे आणि जगभरची आहे. मोठ्या जहाजांवर डोलकाठी जिथे डेकमधून खाली उतरते, तिथे भोवती लाकडी पाचरी ठोकत आणि त्यावर डांबर किंवा रंग दिलेल्या कॅनव्हासची गळपट्टी खिळवत. पाणी खाली उतरू नये म्हणून. आपल्याच मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. सागवान उत्तम होतंच, पण निगा नसती तर दोनशे वर्षं टिकलं नसतं.

वरळीत आता चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना घरातला संडास मिळाला, याचा आनंद मनापासून आहे. पण लिफ्टसमोरच्या जागेत डोलकाठीची खोळ अंथरता येणार नाही. आमच्या उत्सव मंडळांकडे मंडपाच्या ताडपत्र्या आहेत, नव्या इमारतींत सभागृहंही असतील. पावसाआधी महिनाभर एखादा लांब हॉल या कामासाठी मोकळा ठेवावा, आणि काकांच्या हाताखाली दोन पोरं बसवावीत. दाभण धरायला शिकवणारे हात आता फार उरलेले नाहीत.

आणि ज्यांच्याकडे सुती ताडपत्री आहे, मग ती होडीची असो की हातगाडीची, त्यांना एवढंच सांगणं: पाऊस संपला की ती दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा, मगच घडी घाला. ओली घडी दिवाळीपर्यंत काळी पडते आणि पुढच्या जूनला हातात फाटते.