खेळ ऐन रंगात अडकतो तेव्हा

जपानमध्ये रात्रीचे नऊ, म्हणजे भारतात साडेपाच. पुण्यातला मामेभाऊ शाळेतून येऊन खेळायला बसलेला, इकडे आपला मुलगा कानाला हेडफोन लावून. आणि ऐन रंगात आरडाओरडा, "आई, लॅग होतोय!" या भावंडांची भेट होते ती एवढ्या तासाभरातच, तेव्हा विषय किरकोळ समजू नका.

पिंग म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. टोकियो ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ६,७०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६७ मिलिसेकंद लागणारच. त्यात समुद्राखालच्या केबल वळसा घेऊन जातात. भारतातल्या सर्व्हरवर पिंग शंभराच्या वर गेला, तर तो दोष नव्हे, भूगोल आहे. सतत १४० असला तरी हाताला सवय होते. घात करते ती अचानक उडी, १४० वरून एकदम ५००.

ही उडी कुठून येते ते शोधायला सोपी युक्ती आहे. वायफायवरच्या संगणकात कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पिंग लिहा, पुढे राउटरचा पत्ता, मग डॅश टी. पत्ता बहुधा राउटरवरच्या स्टिकरवर असतो. आकडे एरवी पाच-दहाच्या आत हवेत. तेच उड्या मारत असतील तर गडबड घरातच आहे.

घरातला नेहमीचा संशयित मायक्रोवेव्ह. तो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत ढवळाढवळ करतो, म्हणून ५ गिगाहर्ट्झवर या. तिथेही जपानात एक मेख आहे: डब्ल्यू५३ आणि डब्ल्यू५६ या पट्ट्यांत हवामान रडारही असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावाच लागतो, आणि खेळ तुटतो. डब्ल्यू५२ मधले ३६ ते ४८ चॅनल निवडा. बाबांच्या फोनमधले फोटो त्याच वेळी क्लाउडवर चढत नाहीत ना, तेही बघा. खरं सांगायचं तर लॅन केबल जोडली की यातल्या बहुतेक कटकटी मिटतात. स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला लॅनची जागा आहे. मूळच्या स्विचला अ‍ॅडॅप्टर लागतो.

राउटरपर्यंत सगळं शांत, पण रोज रात्रीच खेळ अडकतो? मग बाहेर गर्दी आहे. फ्लेट्स हिकारीवर जुन्या पीपीपीओई पद्धतीची जोडणी असेल, तर रात्री तिच्या नाक्यावर कोंडी होते. प्रोव्हायडरला फोन करून "आयपीव्ही६ आयपीओई मिळेल का" एवढंच विचारा, आणि आपला राउटर त्याला चालतो का तेही. त्याआधी महागडा प्लॅन घेऊ नका.

आणि गेममध्ये सर्व्हर निवडता येत असेल, तर सिंगापूर लावून बघा. मग सगळं अंतर एकट्या भावाच्या वाट्याला येत नाही.